बरचा नंबर, हॅचेटचा आकडा

दात कापायच्या फिरत्या टोकाला बर म्हणतात. २४५ नंबरच्या बरचं डोकं ३ मिलिमीटर लांब असतं आणि टोकाशी व्यास ०.८ मिलिमीटर. एवढे दोन आकडे लक्षात असले की अमाल्गमसाठी, म्हणजे चांदी-पाऱ्याच्या भरणासाठी, दाढेत कॅव्हिटी (भरणाचा खड्डा) कापताना दर दोन मिनिटांनी प्रोब (मापाची सळई) घालून खोली मोजत बसावं लागत नाही. मधल्या खाचेत बरचं डोकं अर्धं बुडालं की १.५ मिलिमीटर खोली झाली. बर सरळ उभा उतरवून खाचेतून पुढे नेला की इस्थमसची, म्हणजे कॅव्हिटीच्या अरुंद भागाची, रुंदी ०.८ च्या आसपास येते. कीड तेवढ्यात निघत असेल तर बर बाजूला सरकवायचं काहीच कारण नाही. या बरच्या बाजू टोकाकडे किंचित रुंद होत जातात, त्यामुळे कॅव्हिटीच्या भिंती वरच्या बाजूला जराशा आत झुकतात आणि अमाल्गम धरून ठेवायची सोय वेगळे कष्ट न घेता होते. टोकाचे कोपरे गोलसर, म्हणून आतले कोनही गोलसर. दाताला तडा जायची शक्यता तेवढीच कमी.

म्हणजे कापायचं हत्यार हीच फूटपट्टी. बीडीएसच्या दुसऱ्या वर्षी प्री-क्लिनिकलला बरची नावं घोकून घेतली जातात, मापं मात्र फारसं कुणी विचारत नाही. 'पेअर शेप, इन्व्हर्टेड कोन, टेपर्ड फिशर' एवढं लिहून मार्क मिळतात. खऱ्या दातावर घोडं पेंड खातं ते इथेच: हातातला बर किती जाड, किती लांब हे माहीत नसेल तर डोळ्यांना फक्त पाण्याचा फवारा दिसतो.

अमेरिकी नंबर अजूनही रोजच्या वापरात आहेत. गोल बर पावपासून सुरू होतात. पाव नंबर म्हणजे ०.५ मिलिमीटर, अर्धा ०.६, एक नंबर ०.८, दोन नंबर १, चार नंबर १.४, सहा नंबर १.८ आणि आठ नंबर २.३. इन्व्हर्टेड कोन साडेतेहतीसपासून पुढे, सरळ फिशर ५५ पासून पुढे, पेअर ३३० च्या आसपास, टेपर्ड फिशर १६९ ते १७२. सरळ फिशरच्या आकड्यात ५०० मिळवले की त्याच मापाचा क्रॉसकट बर मिळतो, ५७ चा ५५७. टेपर्डला ही बेरीज लागू नाही, तिथे १७० चा ७०० होतो. क्रॉसकटच्या खाचा कमी वेगाच्या काळात उपयोगी होत्या, कारण पात्याचा थोडाच भाग दाताला लागून तो बऱ्यापैकी खोल रुतायचा. एरोटरच्या, म्हणजे बर धरणाऱ्या आणि हवेवर चालणाऱ्या हँडपीसच्या, वेगात त्यांची गरज उरली नाही, उलट त्या भिंतीवर ओरखडे सोडतात. तरी कॉलेजच्या यादीत ५५७ असतोच. जुनं अमाल्गम फोडायला तो चांगला आहे, तेवढ्यासाठी ठेवावा.

आयएसओची पद्धत यापेक्षा सरळ. शेवटचा आकडा म्हणजे व्यास, दशांश मिलिमीटरमध्ये: ०१० म्हणजे १ मिलिमीटर, ०१६ म्हणजे १.६. दांड्यासाठी वेगळा आकडा असतो. ३१४ म्हणजे एरोटरचा फ्रिक्शन ग्रिप, जाडी १.६ मिलिमीटर. २०४ म्हणजे कॉन्ट्रा अँगलचा खाच असलेला लॅच दांडा आणि १०४ म्हणजे स्ट्रेट हँडपीसचा लांब दांडा. या दोघांची जाडी २.३५ मिलिमीटर. यात एक खोच आहे आणि तिथे पुष्कळजण फसतात. आयएसओचा व्यास डोक्याच्या सर्वांत जाड भागाचा असतो. टेपर्ड बरमध्ये तो भाग मानेजवळ असतो, टोक त्याहून बारीक. पाकिटावर ०१६ वाचून मार्जिनवर, म्हणजे कापलेल्या भागाच्या काठावर, १.६ मिलिमीटरचा हिशेब धरला तर तो चुकणारच. टोकाचा व्यास कंपनीच्या चार्टमध्ये पाहावा, नाहीतर सरळ व्हर्नियर लावावा.

आता डायमंड की कार्बाइड. भांडण जुनं आहे, उत्तर मात्र साधं आहे. कार्बाइड बर पात्यांनी कापतो. कापायच्या बरला साधारण सहा ते आठ पाती असतात, फिनिशिंगच्या बरला बारा आणि त्याहून जास्त. टंगस्टन कार्बाइड फार कडक पण ठिसूळ, म्हणून त्याची धार फार निमुळती ठेवता येत नाही. पात्याचा पुढचा चेहरा मुद्दाम मागे झुकवलेला असतो, म्हणजे धारेमागे भरपूर धातू राहतो आणि ती तुटत नाही. डेंटीन (दाताचा आतला थर), अमाल्गम, धातूचा जुना क्राउन (दातावरची टोपी) या गोष्टींना हा बर चांगला. टोकाने सरळ आत शिरायलाही तोच बरा. डायमंड बर घासतो. निकेलच्या थरात रुतवलेले हिऱ्याचे कण इनॅमलचे, म्हणजे दाताच्या वरच्या कवचाचे, बारीक बारीक तुकडे पाडतात, आणि इनॅमल ठिसूळ असल्यामुळे ते पटापट पडतात. तोच बर मऊ किडक्या डेंटीनवर फिरवला की कणांमधल्या फटी चिखलासारख्या भुग्याने भरतात आणि बर नुसता सरकायला लागतो. तेव्हा क्राउनसाठी बाहेरून दात कमी करायचा तर डायमंड, आत कॅव्हिटीची भिंत आणि तळ काढायचा तर कार्बाइड, ही ढोबळ वाटणी ठेवली की फारसं चुकत नाही.

डायमंडच्या मानेवरची रिंग पाहायची सवय लावावी. काळी सर्वांत खरखरीत, त्याखाली हिरवी, मग निळी किंवा बिनरिंगची मध्यम, लाल बारीक, पिवळी त्याहून बारीक, पांढरी सर्वांत बारीक. हिरव्याचे कण साधारण १५० मायक्रॉनच्या घरात, मध्यमचे शंभराच्या थोडे पुढे, लालचे पन्नासच्या आसपास, पिवळ्याचे पंचवीस-तीस. आपल्याकडे पुष्कळ क्लिनिकमध्ये मानी या कंपनीचे बर असतात. त्यांच्या कोडमधली अक्षरं आकार सांगतात. बीआर म्हणजे गोल, टीआर म्हणजे टेपर्ड गोल टोकाचा, टीएफ म्हणजे टेपर्ड सपाट टोकाचा. रिंग आणि अक्षरं दोन्ही वाचल्याशिवाय बर हँडपीसमध्ये घालू नये. सगळं प्रेप, म्हणजे क्राउनसाठी दात कापणं, हिरव्या रिंगने करून तसंच इम्प्रेशन (दाताचा साचा) घेणारे कमी नाहीत. मार्जिनवरचे खोल ओरखडे मग डायवर, म्हणजे साच्यातून केलेल्या दाताच्या प्रतिकृतीवर, जसेच्या तसे उतरतात आणि क्राउन बसत नाही म्हणून बोलणी लॅबला खावी लागतात.

गोल टोकाच्या टेपर्ड डायमंडने चॅम्फर (मार्जिनवरची गोलसर पायरी) काढायचा असेल तर नियम एकच: टोकाच्या जाडीचा अर्धाच भाग दातात जाऊ द्यायचा. टोक १.२ मिलिमीटरचं असेल तर चॅम्फर जास्तीत जास्त ०.६ मिलिमीटरचा. बर अर्ध्यापेक्षा आत गेला की टोकाची गोलाई दाताच्या बाहेरच्या कडेपाशी पुन्हा वर चढते आणि मार्जिनच्या काठावर इनॅमलचा पातळ ओठ उभा राहतो. आरशात तो चटकन दिसत नाही. दिसतो तो इम्प्रेशनमध्ये, मटेरियल त्या खोबणीत फाटल्यावर. नाहीतर सिमेंट करताना तो ओठ तुटून तिथे फट राहते. जास्त रुंद चॅम्फर हवा असेल तर तोच बर आणखी आत ढकलायचा नाही, जाड टोकाचा दुसरा घ्यायचा. झालेला ओठ काढायलाही उपाय तोच, किंवा मग इनॅमल हॅचेटने, म्हणजे हाताने चालवायच्या छोट्या पात्याने, तो हलक्या हाताने खरवडायचा. पुष्कळजण तसाच खाली हिरडीकडे बर दाबत नेतात आणि मार्जिन विनाकारण हिरडीखाली जातं.

टेपरचं गणितही बरमध्येच बसवलेलं असतं. बरचा दांडा क्राउन बसायच्या दिशेशी समांतर धरला तर भिंतीचा उतार बरच्या उतारापुरताच येतो, दोन्ही बाजू मिळून सहा अंशांच्या जवळपास. हात तिरका झाला की त्यात भर पडते. खालच्या दुसऱ्या दाढेच्या मागच्या बाजूला हँडपीसचं डोकं वरच्या दातांना अडतं आणि हात हमखास तिरका होतो. तिथे छोट्या डोक्याचा एरोटर किंवा आखूड दांड्याचा बर घ्यावा. उतार मोजायचा म्हणून एक डोळा मिटून आरशात पाहावं. दोन्ही डोळे उघडे असले तर थोडासा अंडरकटही (भिंत आत वळून क्राउन अडवणारी जागा) झाकला जातो.

खोली मोजायला आधी खोबण्या पाडायच्या. पीएफएम, म्हणजे धातूवर पोर्सेलीन चढवलेल्या, क्राउनला चावण्याच्या बाजूला १.५ ते २ मिलिमीटर जागा लागते. माहीत असलेल्या व्यासाच्या बरने तेवढ्या खोबण्या पाडून मग मधले उंचवटे उतरवायचे, तेही अर्ध्याच दातावर. उरलेला अर्धा मोजायला हाताशी राहतो. खालच्या दाढेचे गालाकडचे आणि वरच्या दाढेचे टाळूकडचे कस्प (दाढेवरचे उंचवटे) चावताना जास्त भार घेतात, म्हणून त्यांच्या बाहेरच्या उतारावर वेगळा बेव्हल (तिरका काप) द्यायचा. तो राहून गेला की क्राउन तिथेच पातळ होतो आणि पोर्सेलीन तिथूनच उडतं.

वेगाबद्दल. एरोटर मोकळा फिरतो तेव्हा मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतो. दाताला टेकला की वेग धाडकन पडतो, दाबला तर आणखी पडतो, आणि जास्तच दाबला तर थांबतो. १९५७ साली बॉर्डेनचा एअर टर्बाइन बाजारात आला तेव्हापासून हे असंच आहे, टर्बाइनला टॉर्क (फिरवायचा जोर) कमीच. त्याआधी १८७१ मध्ये पेटंट घेतलेलं मॉरिसनचं पायाने चालवायचं यंत्र मिनिटाला हजारभर फेऱ्यांच्याही आतच फिरायचं, तिथे दाबल्याशिवाय काहीच कापलं जात नसे. एरोटरला ती सवय चालत नाही. बर नुसता टेकवायचा, पुसल्यासारखा फिरवायचा, वेगाला काम करू द्यायचं. कापलं जात नाहीसं वाटलं तर दाब वाढवू नये, बर बदलावा. इलेक्ट्रिक मोटरवरच्या लाल रिंगच्या हँडपीसमध्ये गोष्ट वेगळी: मोटर ४०,००० फेरे देते, हँडपीस ते पाचपट करून २ लाख करतं, आणि दाबलं तरी वेग फारसा पडत नाही. एरोटरवर हात बसलेला माणूस तिथे नकळत दाबत राहतो, आणि दात पटकन जास्त कापला जातो.

फिरवायची दिशाही ठरलेली आहे. हँडपीसच्या मागून पाहिलं तर बर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. कॅव्हिटीच्या आत काम करताना बर घड्याळाच्या दिशेने भिंतीला लावत न्यावा, क्राउनसाठी दाताच्या बाहेरून फिरताना उलट्या दिशेने. असं केलं की फिरतं पातं दातात नीट घुसतं आणि हाताला किंचित विरोध जाणवतो. तो विरोध म्हणजेच ताबा. उलट नेलं तर बर दातावर चढून पळतो आणि मार्जिनवर पायऱ्या पडतात.

पाण्याबाबत कंजूषी करायचीच नाही. १९६५ मध्ये झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात पल्पचं, म्हणजे दाताच्या आतल्या जिवंत गराचं, तापमान साडेपाच अंश सेल्सियसने वाढलं तेव्हा सुमारे १५ टक्के दातांचा पल्प सावरला नाही. एरोटरला मिनिटाला निदान ५० मिलिलिटर पाणी हवं. मोजायला फारसं काही लागत नाही: पन्नासपेक्षा जास्त मिलिलिटर मावेल असं मापाचं भांडं घ्या, पेडल दाबून एक मिनिट त्यात फवारा सोडा. कमी भरलं तर आधी डोक्याखालची छिद्रं पाहा. बोअरवेलचं पाणी टाकीत भरणाऱ्या क्लिनिकमध्ये त्यात क्षार बसतो. एरोटरसोबत मिळणाऱ्या बारीक तारेने छिद्रं मोकळी करायची आणि टाकीत डिस्टिल्ड पाणीच भरायचं. फवारा टोकावर पडतोय का हेही पाहायचं. लांब बर घातला की पाणी मानेवर पडतं आणि टोक कोरडं राहतं. खोल बॉक्समध्ये (शेजारच्या दाताकडे खाली उतरवलेल्या कॅव्हिटीच्या भागात) बर भिंतींच्या मधोमध असतो, पाणी पोचतच नाही. तिथे दोन-तीन सेकंद कापायचं, बर बाहेर काढायचा, पाणी आत जाऊ द्यायचं, पुन्हा आत. जळकट वास आला तर उशीर झाला म्हणायचं.

आता हाताच्या हत्यारांकडे. क्लास टूचा, म्हणजे दाढेच्या शेजारच्या दाताकडल्या बाजूच्या किडीचा, बॉक्स २४५ ने काढताना बर डेंटीन आणि इनॅमलच्या सीमेवर असा उतरवतात की ०.८ पैकी ०.५ ते ०.६ मिलिमीटर डेंटीनमधून आणि ०.२ ते ०.३ मिलिमीटर इनॅमलमधून जाईल. बाहेर शेजारच्या दाताकडे इनॅमलची पातळ पापडी मुद्दाम शिल्लक ठेवायची. ती पापडी बरने उडवायला गेलं की शेजारच्या दातावर ओरखडा आलाच, आणि पुढची कीड तिथे लागते. पापडी स्पून एक्स्कॅव्हेटर (चमच्यासारख्या टोकाचं खरवडायचं हत्यार) किंवा हॅचेटने मोडायची. मोडल्यावर काठावर इनॅमलचे आधार नसलेले दांडे उभे राहतात, ते हॅचेटने वरून खाली ढकलून तासायचे. घाई असली तरी ही पायरी गाळू नये. भरलेलं अमाल्गम काठाशी तुटतं ते याच दांड्यांमुळे.

हॅचेटच्या दांड्यावर १०-७-१४ असं कोरलेलं असतं. ही अमेरिकी दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांची पद्धत. पहिला आकडा पात्याची रुंदी दशांश मिलिमीटरमध्ये, म्हणजे १ मिलिमीटर. दुसरा पात्याची लांबी मिलिमीटरमध्ये, ७. तिसरा पात्याने दांड्याच्या अक्षाशी केलेला कोन, पण अंशांत नाही. पूर्ण वर्तुळाचे शंभर भाग करून त्यातले १४, म्हणजे सुमारे ५० अंश. चार आकडे दिसले तर समजायचं की धार पात्याला काटकोनात नाही, तिरकी कापलेली आहे, आणि दुसऱ्या जागचा आकडा त्या धारेचा कोन सांगतो.

असा चार आकड्यांचा सर्वांत जास्त हातात येणारा म्हणजे जिंजायव्हल मार्जिन ट्रिमर, बॉक्सचा हिरडीकडचा काठ तासायचं हत्यार. दुसरा आकडा ९५ किंवा १०० असेल तो दूरच्या, म्हणजे डिस्टल बॉक्ससाठी. ७५ ते ८५ असेल तो पुढच्या, मिजिअल बॉक्ससाठी. प्रत्येकाची डावी-उजवी जोडी, म्हणजे एकूण चार टोकं. परीक्षेत कुठलं कुठे हा हमखास प्रश्न, आणि तोंडात त्याहून जास्त गोंधळ. पाठांतरापेक्षा सोपी खूण: पातं बॉक्सच्या तळाच्या काठावर टेकवून पाहा. धारेचा उतार बाहेर आणि खाली जात असेल तर टोक बरोबर, आत पल्पकडे उतरत असेल तर हत्यार फिरवा किंवा दुसरं घ्या. चुकीचं टोक वापरलं की आधार नसलेलं इनॅमल काढायच्या ऐवजी तळात खोबण पडते.

धरायचं पेनसारखं, पण अगदी तसंच नाही. लिहिताना पेन मधल्या बोटाच्या बाजूवर टेकतो. इथे मधल्या बोटाचा गर हत्याराच्या मानेवर येतो, म्हणजे तिन्ही बोटांचा जोर पात्याच्या मागे राहतो. अनामिका त्याच जबड्यातल्या जवळच्या दातावर टेकलेली हवी, गालावर किंवा ओठावर नको, कारण पेशंट हलला की तो टेकाही हलतो. पात्याची धार दांड्याच्या मध्यरेषेपासून २-३ मिलिमीटरच्या आत राहावी म्हणून मानेला दोन-तीन वळणं दिलेली असतात. मान वाकलेलं हत्यार जोर लावताच बोटांत गरगरतं, ते फेकून द्यावं.

खोल कीड काढायला फिरत्या बरपेक्षा स्पून एक्स्कॅव्हेटर सुरक्षित असं माझं मत. कॅव्हिटीत मावेल तेवढा मोठा घ्यायचा, छोटा नाही. छोट्याचं टोक एका जागी रुतून पल्प उघडा पडतो. आधी कडेची, इनॅमलखालची कीड पूर्ण काढायची आणि मग मध्याकडे यायचं. मऊ डेंटीन ओल्या पापुद्र्यासारखं निघतं, चामट लागलं की पल्पच्या बाजूला थांबायचं. बरच वापरायचा असेल तर सर्वांत मोठा बसेल तो गोल बर, चार किंवा सहा नंबरचा, मायक्रोमोटरवर (कमी वेगाच्या मोटरवर) अगदी हळू, झाडल्यासारखा. १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झालेल्या एआरटी पद्धतीत तर वीज नसलेल्या जागी हॅचेटने कॅव्हिटीचं तोंड उघडून एक्स्कॅव्हेटरने कीड काढतात आणि ग्लास आयनोमर सिमेंट भरतात. शिबिरात शाळकरी मुलांचे दात भरताना ती अजूनही कामाची आहे.

हे सगळं धार असेल तरच. बोथट हॅचेट दिव्याखाली धरलं की धारेवर चकाकती रेघ दिसते. धारदार कडेवर प्रकाश परत येत नाही. किंवा प्लॅस्टिकच्या काडीवर हलकं टेकवा, रुतलं तर चालेल, सरकलं तर नाही. धार लावायला अर्कान्सा दगडावर तेलाचा थेंब, बेव्हल पूर्ण सपाट टेकवलेला, आणि मनगट न हलवता बोटांनी आखूड ओढी. मनगट डोललं की बेव्हल गोल होतो आणि धार कधीच येत नाही. शेवटी सपाट बाजू एकदा हलकी फिरवून काठावर उठलेली धातूची बारीक कूस काढून टाकायची. कार्बन स्टीलची धार चांगली लागते पण ऑटोक्लेव्हमध्ये गंजते, म्हणून आता बहुतेक हत्यारं स्टेनलेसची असतात. त्यांना धार जरा जास्त वेळा लावावी लागते, एवढंच.

बर ऑटोक्लेव्हमध्ये टाकण्याआधी ब्रशने घासून किंवा अल्ट्रासोनिकमध्ये फिरवून घ्यायचा. भुगा अडकलेला बर ऑटोक्लेव्हमध्येही नीट निर्जंतुक होत नाही. हायपोक्लोराइटमध्ये बुडवून ठेवायचा नाही, कार्बाइडचं डोकं जिथे स्टीलच्या दांड्याला जोडलेलं असतं तो जोड पोखरला जातो आणि डोकं तोंडात तुटतं. हँडपीसमध्ये बर पूर्ण आत गेला नाही तर तो थरथरतो आणि कधी निसटूनही जातो, म्हणून पेडल दाबायच्या आधी बोटांनी ओढून पाहायचा. थरथर तरी राहिलीच तर बर वाकलेला किंवा चक (हँडपीसमधली बर धरणारी पकड) झिजलेला. दुसरा नवा बर घालून पाहिलं की कळतं. डायमंड टोकाकडून आधी संपतो. लूपखाली (भिंगाखाली) टोक गुळगुळीत, निकेलसारखं चकाकताना दिसलं की बाकीचं डोकं कितीही खरखरीत असो, तो बर कचऱ्यात, म्हणजे धारदार वस्तूंच्या पांढऱ्या डब्यात.